दुपारची तिथी

दुपारी साधारण दीड ते साडेतीन हा वेळ माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता. चूक म्हणाल तर एवढीच. सूर्याची जागा, चंद्राची जागा, दोघांमधलं अंतर, मुंबईचा सूर्योदय, सगळं मिनिटापर्यंत बरोबर होतं. त्यामुळे ही चूक बरीच वर्षं बरोबर वाटत राहिली. ती मला कळल्यावरही मी ती कशी राहू दिली, ते आता लिहायचं आहे. एरवी मी घरातलं बाहेर बोलणारी बाई नाही.

हा प्रोग्रॅम म्हणजे एक खुला प्रकल्प आहे. खुला अशा अर्थाने की त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो, आणि त्यात काही चुकलं असेल तर दुरुस्ती करून पाठवता येते. तारीख आणि गाव दिलं की तो तिथी सांगतो. आम्ही पाच-सहा जण तो सांभाळतो. एकमेकांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. कुणी कोल्हापूरला, कुणी नाशिकला, एक जण तर परदेशात, जिथे हिवाळ्यात सूर्यच उशिरा उगवतो आणि त्यामुळे त्याच्या सगळ्या एकादश्या वादात असतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत. पोटासाठी मी ऐरोलीच्या एका कंपनीत अतिशय कंटाळवाणा कोड लिहिते. हा मात्र शनिवार-रविवारी घरी, मुलुंडला, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाली की.

यात मी शिरले ती बाबा गेल्यानंतर. बाबांचं सगळं दादाने केलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बोरिवलीला राहतो, आईही त्याच्याकडेच होती. पहिल्या वर्षश्राद्धाला तो पाटावर बसला, गुरुजी सांगतील तसं करत गेला, आणि माझ्या वाट्याला खीर आली. मुलींनी विधीच्या खोलीत येऊ नये असं आमच्या घरात कधीच कुणी म्हटलं नाही. म्हणायची वेळच यायची नाही. स्वयंपाकघरात तेव्हा इतकं काम असतं, की बाहेर काय चाललंय ते डोकावून बघेपर्यंत पानं वाढायची हाक येते. बाबांसाठी मी दोन तास खीर ढवळली. त्यात मला रडूही आलं नाही, कारण खाली लागली असती.

पुढच्या वर्षी आईने फोनवर विचारलं, "बाबांची तिथी यंदा कधी येते गं? तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये दिसतं का बघ."

दिसत नव्हतं. प्रकल्पात सण होते, एकादश्या होत्या, संकष्ट्या होत्या, पण माणूस गेल्याची तारीख द्यावी आणि दरवर्षीचा श्राद्धाचा दिवस मिळावा, असा भाग नव्हता. तो मी लिहिला. आमच्यात नियम आहे, कुणीही काही लिहिलं की दुसऱ्या कुणीतरी ते वाचून तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. माझंही तपासलं गेलं. तपासणाऱ्याने गणित बघितलं, गणित चोख होतं. श्राद्धाचा नियम त्यालाही माहीत नव्हता आणि मलाही. मी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरली. कॅलेंडरच्या चौकोनात तीच छापलेली असते. आता हसू येतं, कारण संकष्टीला चंद्रोदयाची तिथी बघायची हा वेगळा नियम त्याच कोडमध्ये मीच लिहिलेला होता. पण संकष्टी मी स्वतः करते. चंद्र बघून उपास सोडते. श्राद्धाला मी कधी बसलेच नव्हते.

हा भाग प्रकल्पात गेला त्या दिवशी मला फार बरं वाटलं. बाबांचे विधी दादाचे. पण दिवस? दिवस माझा. कुणाला सांगितलं नाही मी हे. इथे सांगते आहे.

पुढची एक-दोन वर्षं काही झालं नाही. मग एका रविवारी मी बोरिवलीला गेले असताना बाबांच्या तिथीचा विषय निघाला.

"मंगळवारी आहे," दादा म्हणाला. "मी रजा टाकलीय."

"बुधवारी," मी म्हटलं.

"मंगळवारी गं. गुरुजींना विचारलं मी."

"गुरुजींनी कुठे बघितलं?"

"कुठे म्हणजे? टीव्हीवर बघतील का? पंचांगात."

"मग तूच बघ ना पंचांग. मंगळवारी सकाळी आदलीच तिथी आहे. आपली बुधवारी उजाडते."

वहिनी आतून हात पुसत आली. "तुम्ही भाऊबहीण काय ते एकदाचं ठरवा. वड्यांचं पीठ मी सोमवारी भिजवू का मंगळवारी, तेवढं सांगा. ते तुमच्या गणितासाठी थांबणार नाही, आंबून टोपाबाहेर येईल."

दादा आणखी काहीतरी म्हणाला, दुपारबद्दल. मी त्याला समजावून सांगितलं. तेव्हा खुर्चीत बसून लसूण सोलणाऱ्या आईने निकाल दिला. "तिचं गणित आहे रे. ती मोजून सांगते. गुरुजींना एका दिवशी चार घरं असतात, ते आपल्याला बसवतील तिथे बसवतील."

"बरं," दादा म्हणाला. "बुधवारी."

बुधवारी त्याला रजा मिळाली नाही. अर्धा दिवस घेऊन घामाघूम होऊन आला, भराभर अंघोळ करून पाटावर बसला. जेवताना माझ्याशी नीट बोलला. खीर पुन्हा मागून घेतली. त्या दिवशी काही बिनसलं असं मला वाटलंच नाही.

पण त्यानंतर दरवर्षी बाबांच्या तिथीच्या महिनाभर आधी त्याचा एक मेसेज यायचा: "कधी?" मी तारीख पाठवायची. तो अंगठा पाठवायचा. आधी आमचे फोन व्हायचे, इकडचं-तिकडचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या गुडघ्याचं. ते हळूहळू आईच्या फोनवरूनच व्हायला लागले. आई म्हणायची, घे, दादाशी बोल. दादा म्हणायचा, हां, बोल. मी म्हणायचे, काही नाही, तू बोल. मग फोन परत आईकडे. मला वाटायचं, वय झालं की माणसं अशी होत असतील.

मग प्रोग्रॅमबद्दल एक तक्रार आली. तेव्हा आई हयात होती. रविवारची सकाळ होती. प्रकल्पात कुणालाही तक्रार नोंदवता येते, ती सगळ्यांना दिसते, आणि ज्याचा तो भाग असेल त्याने उत्तर द्यायचं असतं. सांगलीकडच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं. त्यांची भाषा फार नम्र होती. "आमच्या आईचं श्राद्ध वडील नेहमी करायचे, आता मी करतो, तुमचा प्रोग्रॅम यंदा जो दिवस दाखवतो त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे करायची पद्धत आहे. माझा यातला अभ्यास नाही, पण तुम्ही सकाळची तिथी धरता का? आमच्याकडे दुपारची धरतात असं वडील म्हणायचे."

मी लगेच शोधलं. शोधायला काही लागलंच नाही. दिवसाचे, म्हणजे उजेडाचे, पाच भाग करायचे, त्यातला चौथा तो अपराह्ण, आणि श्राद्धाची तिथी त्या वेळी असलेली धरायची. कुठल्याही धर्मशास्त्राच्या पुस्तकात हे आहे. मी ते एकदाही उघडलं नव्हतं, एवढंच. मग मी तो जुना मंगळवार काढून बघितला. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास बाबांची तिथी लागली होती आणि बुधवारी दहाच्या आत संपली होती. बुधवारी आम्ही पानं वाढली तेव्हा ती होऊन गेलेली होती. दादा बरोबर होता. पुढची वर्षंही काढली. बहुतेक वर्षी आमचा एक दिवस चुकला होता.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची होती. मी ती केली नाही. मी उत्तर लिहिलं: "नमस्कार. श्राद्धाच्या प्रथा प्रांताप्रांतांत आणि घराघरांत वेगळ्या असतात. प्रोग्रॅम सूर्योदयाची तिथी धरतो, ते हेतुपूर्वक आहे." आणि तक्रार बंद केली.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. म्हणूनच ते मला सुचलं.

तासाभरात त्यांचं उत्तर आलं. "धन्यवाद ताई. म्हणजे आमच्याच घरी इतकी वर्षं चुकत होतं म्हणायचं. यंदापासून आईचं तुमच्या तारखेला करू."

मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. तेव्हाच लिहायला हवं होतं, थांबा, असं करू नका. नाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी लिहीन म्हटलं. आठवडा गेल्यावर लिहिणं आणखी अवघड झालं, आणि महिन्यानंतर, आता त्यांची तिथी होऊनही गेली असेल, असं म्हणून मी सुटका करून घेतली. पण ती दरवर्षी येते ना. पुढच्या वर्षीही आली असेल.

का केलं असं, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं देत होते. आईला वाईट वाटेल, हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. आई त्या दिवशी पान दाखवेपर्यंत पाणीसुद्धा पीत नसे. इतकी वर्षं ती चुकीच्या दिवशी तहानलेली राहिली हे तिला कसं सांगायचं? हे खोटं नव्हतं. पण खरं कारण असं, की तो दिवस चुकला म्हटल्यावर बाबांच्या श्राद्धात माझं काहीच उरत नव्हतं. खीर उरत होती.

प्रकल्पातल्या त्या फाइलकडे मी जायची बंद झाले. सणांचं करायचे, ग्रहणांचं करायचे. प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते तिथे दिसतं. त्या ओळींवर माझं नाव होतं आणि दुसरं कुणी तिथे फिरकत नव्हतं. आई गेली ती हे न कळता गेली. तिच्या शेवटच्या वर्षीही तिने बाबांच्या तिथीला मला विचारलं होतं, "नक्की ना गं?" मी म्हटलं होतं, "नक्की."

आई गेल्यावर तेरा दिवस मी आणि दादा एका घरात होतो. आईच्या गोधड्या कुणाला द्यायच्या यावर बोललो. गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर होतं, त्यावर बोललो. तेरावं झाल्यावर मी मुलुंडला परत आले.

मग जवळजवळ वर्ष गेलं आणि दादाचा मेसेज आला. "आईचं कधी?"

मी तारीख काढली. माझ्या नियमाने शुक्रवार येत होता. दुपारची तिथी धरली तर गुरुवार.

बाबांच्या वेळी मला माहीत नव्हतं. ते नंतर माहीत होऊनही चालवून घेतलं. पण आईचं पहिलंच वर्षश्राद्ध जाणूनबुजून चुकीच्या दिवशी करायला लावणं माझ्याच्याने होईना. आता लक्षात घ्या मी काय केलं. मी दादाला उत्तर पाठवलं नाही. आधी कोड दुरुस्त केला, व्यवस्थित केला, आणि पाठवताना वर्णनात लिहिलं: "पुण्यतिथीच्या भागात किरकोळ दुरुस्ती." विचार असा, की हे गुपचूप आत जाईल, मग दादाला गुरुवार कळवीन. पुढे बाबांची तारीखही आपोआप बरोबर यायला लागेल. कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

पण तपासायला गेलं ते कोल्हापूरच्या एका बाईंकडे. त्या प्रकल्पात नव्या होत्या, माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी लिहिलं:

"ताई, कोड छान आहे. पण याला किरकोळ कसं म्हणायचं? बऱ्याच घरांच्या तारखा बदलतील याने. आधी काय धरत होतो, आता काय धरतो, हे लिहूया ना स्पष्ट. लोकांनी या तारखांवर आपली माणसं जेवू घातली असतील."

आणि त्याखाली: "ही एक जुनी तक्रार सापडली, हेच म्हणणं होतं त्यांचं. तुम्ही बंद केलेली दिसते. तेव्हा लक्षात आलं नसेल."

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं की झालं. हो, तेव्हा लक्षात आलं नाही. असं होतंच सगळ्यांचं, आमच्या कामात तर रोज होतं. मी ते टाइपही केलं. मग पुसलं आणि लिहिलं, "लक्षात आलं होतं." पुढे काही सुचेना, म्हणून एवढंच पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं, "बरं. सवकाश लिहा. घाई नाही."

पण जगाला सांगायचं आणि दादाला नाही, हे काही जमण्यासारखं नव्हतं. दादा आमचा प्रकल्प या जन्मात वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी.

रविवारी मी बोरिवलीची बस पकडली. दार दादानेच उघडलं, हाताला खवले लागलेले. वहिनी तिच्या बहिणीकडे गेली होती. हा आता रिटायर झाल्यापासून सकाळी चालत गोराईच्या जेट्टीपर्यंत जातो आणि मासे घेऊन येतो. स्वयंपाकघरात खाली पेपर पसरून मांदेली साफ करायला बसला होता.

"सांगून तरी यायचं," तो म्हणाला. "अर्धा किलो जास्त घेतली असती."

"मला काय भूक नाही."

"हे मांदेलीसमोर बोलू नकोस. बस. हात धू आणि डोकी मोड."

मी बसले. थोडा वेळ दोघंही मासे साफ करत होतो.

"आईच्या तिथीचं बोलायचं होतं," मी म्हटलं.

"त्यात काय बोलायचंय? मेसेज केलाय ना. तारीख टाक."

"गुरुवार आहे."

"बरं. गुरुवार."

"माझ्या आधीच्या नियमाने शुक्रवार आला असता."

त्याने एक मांदेली पातेल्यात टाकली. "आधीच्या म्हणजे?"

मग मी सांगितलं. सूर्योदय, दुपार, सांगलीचे गृहस्थ, बंद केलेली तक्रार, त्यांनी बदललेला दिवस, सगळं. सांगताना मी माशांकडेच बघत होते. त्यानेही वर बघितलं नाही.

"म्हणजे त्या वर्षी बाबांचं मंगळवारीच होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला कळलं कधी हे?"

"आई असताना."

"आई असताना."

"हो."

"ती दरवर्षी विचारायची तुला. नक्की ना, म्हणून."

"हो, दादा."

तो उठला, हात धुतले, पाणी प्यायला, परत येऊन बसला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तिथीचं मला एवढं काही नव्हतं गं," तो म्हणाला. "खरं सांगू? तू बुधवार म्हणालीस तेव्हा आतून बरंच वाटलं मला. म्हटलं चला, आता दरवर्षी गुरुजींच्या मागे लागायला नको, हिच्यावर टाकू. आणि बाबांना एक दिवस इकडचा तिकडे काय होतंय? पण तू हसलीस."

"मी?"

"मी म्हटलं, पान दुपारी वाढतात, मग तिथीही दुपारची नको का बघायला? तर तू म्हणालीस, तिथी काय सेकंड शिफ्टला येते का? पोरं खदाखदा हसली. धाकटा अजून म्हणतो. मी दुपारी जरा आडवा झालो की म्हणतो, बाबा सेकंड शिफ्टला गेले."

वर मी लिहिलं आहे की मी त्याला समजावून सांगितलं. मला खरंच तसंच आठवत होतं. इतकी वर्षं मी जी चूक उराशी धरून बसले होते, ती त्याच्या लेखी काहीच नव्हती, आणि जी त्याला लागली होती ती मला आठवतसुद्धा नव्हती.

"आईही हसली," दादा म्हणाला. "ते जास्त लागलं."

"मला नाही रे आठवत."

"तुला कशाला आठवेल? आणि ते माझं डोकं नव्हतं काही. बाबांचं होतं. आजोबांच्या श्राद्धाला मी त्यांच्या शेजारी बसायचो, हातावर पाणी घालायला. आठ-नऊ वर्षांचा असेन. भूक लागायची मरणाची. आतून वड्यांचा वास येतोय आणि हे काय उठत नाहीत. मी विचारायचो, बाबा, अजून का नाही जेवायचं? ते म्हणायचे, थांब, दुपार होऊ दे. आपली तिथी दुपारची."

मी तेव्हा आत होते. तीन वर्षांची असेन, नंतर चार, नंतर पाच. मला भूक लागली की आई मनुके द्यायची. बाबा बाहेर काय सांगतायत ते माझ्यापर्यंत कधी आलं नाही. तेवढं एक वाक्य आत आलं असतं तर माझा कोड पहिल्याच दिवशी बरोबर झाला असता. पण ते आत आलं नाही यात बाबांचा दोष नाही, दादाचा तर नाहीच. त्याने आणून दिलं तेव्हा मी हसले.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"कशाबद्दल? तिथीबद्दल का हसण्याबद्दल?"

"दोन्ही."

"आधी हसण्याबद्दल म्हण."

"हसण्याबद्दल चुकलं माझं, दादा."

"मग ठीक." त्याने नाक दंडाला पुसलं. "तिथीबद्दल आईला सांगायला हवं होतंस. ती मला बाजूला सारून तुझ्यावर विसंबली होती. त्याचं मी काय करू शकत नाही."

"माहितीये."

"हां." त्याने पुढची मांदेली उचलली. "तर आता ते जगाला काय सांगणार आहेस तू? काय लिहायचंय?"

मी त्याला माझा मसुदा वाचून दाखवला. श्राद्धतिथीच्या निर्णयासाठी सूर्योदयकालीन तिथीऐवजी अपराह्णव्यापिनी तिथी ग्राह्य.

"हे कोण वाचणार? यमदूत?" दादा म्हणाला. "सरळ लिही ना. श्राद्धाला पानं दुपारी वाढतात, म्हणून तिथी दुपारची बघायची. झालं. लिही."

मी करंगळीने टाइप केलं, कारण बाकीची बोटं मांदेलीची होती. फोनला दोन दिवस वास येत होता.

तो म्हणाला तसंच वाक्य आज तिथे आहे. त्याखाली मी लिहिलं: "हे मला प्रथम माझ्या मोठ्या भावाने सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं नाही. नंतर एका वापरणाऱ्याने कळवलं. तेव्हा चूक माझ्या लक्षात आली होती, तरीही मी ती तक्रार बंद केली. आतापर्यंत ज्यांनी या भागातल्या तारखा वापरल्या त्यांची मी क्षमा मागते." कोल्हापूरच्या बाईंनी एकही शब्द न बदलता ते मंजूर केलं. अजूनही कुणी उघडलं तर वाचता येईल. मधे एक-दोघांनी कुठे कुठे आमच्या तारखा वापरल्या जातात ते शोधून त्या लोकांना कळवलं, मला न विचारता, कुरकुर न करता. आमच्या प्रकल्पात कुणी फार बोलत नाही.

सांगलीच्या गृहस्थांची तक्रार मी पुन्हा उघडली. त्यांना वेगळं लिहिलं. तुमचे वडील बरोबर होते, तुम्ही बरोबर होतात, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. येऊही नये असं मला एकीकडे वाटत होतं. दुसरीकडे मी रोज बघत होते.

आलं ते आईच्या तिथीच्या आदल्या आठवड्यात. ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. घरी पोचल्यावर मी दादाला फोन लावला. इतक्या वर्षांत मी आपणहून त्याच्या नंबरवर लावला नव्हता. त्याने उचलल्यावर पहिल्यांदा विचारलं, "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक. सांगलीच्या त्यांचं उत्तर आलंय." आणि वाचून दाखवलं.

"ताई, कळवलंत हे बरं केलंत. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. वडील असते तर मला ओरडले असते. दोन वर्षं आईला पान एक दिवस उशिरा मिळालं. पण ती आमच्या घरात सगळ्यांचं झाल्याशिवाय कधी जेवली नाही. थांबायची तिला सवय होती. यंदापासून पुन्हा आमच्या दिवशी करू."



"दादा?"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"आपलीही तशीच होती," दादा म्हणाला. "सगळ्यांचं आवरून कढईतलं पुसून खायची. गुरुवारी आईला ताटकळत ठेवायचं नाही. तू लवकर ये. मागच्या वेळसारखं बस मिळाली नाही सांगू नकोस."

"रिक्षाने येते."

"रिक्षाने? मुलुंडहून? वेडी आहेस का? किती घेतो तो?"

मग वहिनीच्या गुडघ्याचं निघालं. डॉक्टर ऑपरेशन सांगतोय आणि ती म्हणतेय तेल लावते. मग त्याच्या धाकट्याने नोकरी सोडली ते. ते मला माहीतच नव्हतं, आईने सांगितलं नव्हतं, किंवा आई गेल्यावर सोडली असेल. मग आईच्या गोधड्यांपैकी एक मला हवी होती, हे मी सांगितलं. तेव्हा का नाही बोललीस म्हणून तो रागावला, आणि ती वहिनीने कपाटात माझ्यासाठीच वेगळी काढून ठेवली आहे, असं वर म्हणाला. बोलता बोलता माझ्या खिडकीतला उजेड गेला. दिवा लावायला मी उठले नाही.

"ठेव आता," दादा शेवटी म्हणाला. "फोन तापलाय माझा."